उरलेला पगार उंदरांकडून

इ. स. १८६८ मध्ये लंडनच्या टपाल खात्यातील मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी कागदपत्रांची नासधूस आरंभली. कचेरीच्या प्रमुखाने वरिष्ठांकडे रीतसर अर्ज करून मांजरे नेमण्याची परवानगी मागितली. उत्तरही तितकेच रीतसर आले. तीन मांजरे उमेदवारीवर ठेवावीत, शक्यतो माद्या असाव्यात, तिघींच्या पोटापाण्यासाठी आठवड्याला मिळून एक शिलिंग खर्ची घालावा. त्याहून अधिक मुळीच नाही, कारण पोट भरलेले मांजर काम करीत नाही. उरलेला पगार त्यांनी उंदरांकडून वसूल करावा. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत, तर भत्त्यात आणखी कपात होईल. नोकरशाहीच्या विनोदाचा नमुना म्हणून हा पत्रव्यवहार पुढे अनेक ठिकाणी छापला गेला आणि तो विनोदी आहेही. मला मात्र तो प्रथम वाचताना हसू येण्याआधी आमची मनी आठवली.

आमच्या आजोळचे घर कोकणातले आणि पूर्णपणे शाकाहारी. आजी दोन्ही वेळा मागल्या पडवीत करवंटीत दूधभात कालवून ठेवी आणि घरातली दोन-तीन मांजरे तो चाटूनपुसून संपवीत. मांजरे धट्टीकट्टी होती, त्यांच्या अंगावर तकाकी होती. तीच रीत आई लग्नानंतर शहरात घेऊन आली. तिसऱ्या मजल्यावरचे घर, खिडक्यांना जाळ्या, आणि त्यात मनी. तिला सायीचे दूध, मऊ भात, कधी तूप लावलेल्या पोळीचा कुस्करा, सणावारी श्रीखंडाचे बोट. कशाची म्हणून कमतरता नव्हती. चौथ्या वर्षी ती स्टुलाच्या पायावर आपटू लागली. भर उन्हातही तिच्या बाहुल्या विस्फारलेल्या राहत. जनावरांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिला आणि विचारले, ‘हिला खायला काय घालता?’ आई काहीशा अभिमानानेच म्हणाली, ‘सगळं घरचं.’ डॉक्टर क्षणभर काहीच बोलले नाहीत.

त्या ‘सगळं घरचं’चा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी त्यानंतर बरीच वर्षे करतो आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाची गोळाबेरीज.

मांजर माणसाकडे आले ते अन्नाच्या आशेने, परंतु ते अन्न माणसाने वाढलेले नव्हते. पश्चिम आशियातील रानमांजरे धान्याच्या कोठारांभोवती जमली, कारण तेथे उंदीर होते. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले (हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले). बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कोणी तरी ती नावेतून नेली होती. पण ती काय खात, हे त्या सांगाड्यावरून कळत नाही. ते कळते चीनमधून. शान्शी प्रांतातील च्वानहूत्सुन येथे सुमारे ५३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडे मिळाली. हाडांतील कार्बन आणि नायट्रोजन यांच्या समस्थानिकांवरून त्या प्राण्याने आयुष्यभर काय खाल्ले याचा अदमास बांधता येतो. ही मांजरे राळ्यासारख्या धान्यावर पोसलेले उंदीर खात होती, हे अपेक्षितच. परंतु त्यांतले एक मांजर मांस कमी आणि धान्य अधिक खात होते. म्हणजे एक तर ते माणसांच्या उष्ट्याखरकट्यावर जगत असावे किंवा कोणी तरी त्याला वाढीत असावे. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा पाळीव मांजराचा नवा पुरावा म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. तीन वर्षांनी हाडांची नीट मापे घेतल्यावर कळले, की ते आपले घरमांजर नव्हेच. अंगावर बिबळ्यासारखे ठिपके असलेली ती आशियातली वेगळीच जात. माणसाच्या ताटातले खाऊनही ती जात घरची झाली नाही. कणगीशी आलेला प्रत्येक प्राणी घरातला होतोच असे नाही.

वाढलेल्या अन्नाचे स्पष्ट वर्णन मिळते ते इजिप्तमधले. इ. स. पूर्व पहिल्या शतकात डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार तेथे गेला होता. पवित्र मानलेल्या मांजरांसाठी लोक दुधात पाव कुस्करतात, तोंडाने विशिष्ट आवाज काढून त्यांना बोलावतात आणि नाईलमधल्या माशांचे कच्चे तुकडे करून घालतात, असे त्याने नोंदले आहे. मांजर मारल्याबद्दल एका रोमन माणसाला जमावाने ठार केल्याची घटना त्याने स्वतः पाहिली होती, तेव्हा या विषयात त्याचे लक्ष असणे स्वाभाविक होते. मला या वर्णनात महत्त्वाचा वाटतो तो त्याचा दुसरा भाग. दुधातला पाव म्हणजे आमच्या आजीचा दूधभातच. पण देवळातले मांजर कोंडलेले असेल आणि उंदीर त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर सोबत मासा येतो. पुजाऱ्यांना जीवनसत्त्वे ठाऊक नव्हती. मांजर काय मागते एवढे ठाऊक होते.

युरोपात मध्ययुगात तर मांजराच्या अन्नाचा हिशेबच लिहिला जाई. इंग्लंडमधील एक्सेटरच्या कॅथीड्रलच्या वहीत १३०५ ते १४६७ या काळात मांजरासाठी तिमाही तेरा पेन्स, म्हणजे आठवड्याला एक पेनी, खर्च पडलेला दिसतो. तेथील एका दाराला मांजरासाठी पाडलेले भोक अजून आहे. एका पेनीत मोठ्या मांजराचे आठवडाभर पोट भरावे अशी अपेक्षा कोणाचीच नसणार. मनीऑर्डर कचेरीतला तो अधिकारी पाच शतकांनंतर वेगळे काहीच सांगत नव्हता. माणसाने दिलेले अन्न हा वरखर्च. मूळ पगार भिंतीच्या बिळात.

आपल्याकडची गोष्ट थोडी गंमतीची आहे. हितोपदेशातला दीर्घकर्ण नावाचा बोका जरद्गव या आंधळ्या गिधाडाला सांगतो, की मी नित्य स्नान करतो, मांस वर्ज्य केले आहे आणि चांद्रायण व्रत आचरतो आहे. त्यावर विश्वास ठेवल्याची किंमत झाडावरच्या पिलांना आणि शेवटी गिधाडाला मोजावी लागते. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी तप करणाऱ्या मांजराची आणि त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्या उंदरांची कथा आहे. महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटात तर मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्या पायाशी बागडणारे उंदीर कोरलेलेच आहेत. मनुस्मृतीत दांभिक माणसाला मांजराच्या व्रतावरून नाव दिले आहे. सारांश, शाकाहारी मांजर म्हणजे ढोंग, याविषयी आपल्या पूर्वजांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि त्याच परंपरेतल्या शाकाहारी घरांनी शतकानुशतके मांजराला दूधभात वाढला! यात मला विसंगती वाटत असे. आता वाटत नाही. त्या घरांना ठाऊक होते, की दूधभात हे मांजराचे जेवण नव्हे. ते त्याला घरी बांधून ठेवण्याचे निमित्त. जेवण ते माळ्यावर, गोठ्यात, भाताच्या कणगीमागे उरकत असे आणि त्याकडे बघायचे नाही अशी एक मूक तडजोड होती. शेजारच्या घरी मासळी साफ होत असेल तर तेथेही एक फेरी होई. ‘शिंके तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण ज्या घरात जन्मली, तेथे दूधदुभते मांजरापासून टांगून ठेवावे लागे, हेही लक्षात घ्यायला हवे. दूध हे त्याचे हक्काचे अन्न नव्हते, चोरीचे किंवा मेहेरबानीचे होते. असो.

पगारावरचे मांजर आणि लाडाचे मांजर यांतला फरक कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड. अठराव्या शतकात लंडनमध्ये कोशकार सॅम्युअल जॉन्सन याच्याकडे हॉज नावाचा बोका होता. जॉन्सन त्याच्यासाठी स्वतः बाहेर जाऊन कालवे विकत आणी. बॉस्वेलने याचे कारण दिले आहे: नोकरांना हे काम सांगितले तर ते त्या बिचाऱ्या जनावराचा राग धरतील, अशी जॉन्सनला भीती वाटे. कालवे तेव्हा गरिबांचे स्वस्त खाणे होते, तेव्हा यात श्रीमंती थाट शोधू नये. पण मांजराच्या जेवणासाठी माणसाने, तेही एवढ्या मोठ्या माणसाने, बाजाराची वाट धरावी, ही नवी गोष्ट होती. जॉन्सनच्या घरासमोर आता हॉजचा पुतळा आहे. त्याच्या पायाशी रिकामे शिंपले आहेत. जॉन्सनने निवडलेले अन्न आजच्या शास्त्राच्या कसोटीवरही उत्तम ठरते. त्याचे कारण पुढे येईल.

पुढच्या शतकात लंडन अफाट वाढले आणि मांजराच्या अन्नाचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. हेन्री मेह्यूने १८५१ च्या आपल्या ग्रंथात या मांजरमांसवाल्यांची सविस्तर हकीकत दिली आहे. शहरभर गाड्या, बग्ग्या, बस ओढणारे घोडे निकामी झाले, की ते घोडे मारण्याच्या वाड्यांत जात. तेथे मांस मोठ्या कढयांतून उकडले जाई आणि पहाटे फेरीवाले ते विकत घेऊन आपापल्या आळीत निघत. लहान तुकडे लाकडी काडीला टोचून फार्दिंग, अर्धी पेनी, पेनी अशा भावाने विकले जात. असे फेरीवाले लंडनमध्ये हजारभर होते आणि मांजरे सुमारे तीन लाख, म्हणजे घरटी एक, असा मेह्यूचा हिशेब. फेरीवाल्याची आरोळी ऐकली की अख्ख्या गल्लीतली मांजरे दारात येत. मेह्यूने एका कृष्णवर्णीय बाईचा उल्लेख केला आहे: ती रोज सोळा पेन्सचे मांस घेई, छपरावर चढे आणि कौलांवर जमलेल्या मांजरांपुढे फेके, अखेर शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. ती कोण, एकटी होती का, एवढे पैसे कोठून आणी, मेह्यू सांगत नाही. त्या शहरात तिच्या स्वतःच्या जेवणावर दिवसाला किती पेन्स खर्च होत असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

या धंद्याकडे आपण किळसेने पाहतो, पण त्याची दुसरी बाजू पाहावी. मांजर घरातच राहू लागले होते, गल्ल्या फरसबंद झाल्या होत्या आणि सगळ्यांना पुरतील एवढे उंदीर मिळण्याची शाश्वती नव्हती. घोड्याचे मांस ही ती उणीव भरून काढत होते. १८७१ च्या जुलैमध्ये क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअरने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि मांजर ही जोपासण्याची, मिरवण्याची वस्तू झाली. मग तिच्या आहाराविषयी पुस्तके आली, सल्ले आले आणि त्यांच्या पाठोपाठ पुडे आले. जेम्स स्प्राट या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये आधी कुत्र्यांची बिस्किटे बनवली. पुढे त्याच्या कंपनीने मांजराचे अन्नही बाजारात आणले. जाहिरातीत घोड्याचे मांस अपायकारक ठरवलेले असे. बाजारचे अन्न शुद्ध आणि फेरीवाल्याचे घाणेरडे, ही मांडणी तेव्हाची. आज ‘घरचे शुद्ध, बाजारचे भेसळीचे’ अशी उलटी मांडणी ऐकू येते. दोन्ही मांडण्यांत मांजराला कोणी काही विचारलेले नाही.

फेरीवाले संपले ते जाहिरातींमुळे नव्हे, मोटारींमुळे. घोडेच उरले नाहीत.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. कॅलिफोर्नियातील फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरने १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत सुमारे नऊशे मांजरांवर आहाराचे प्रयोग केले. कच्चे मांस खाणारी मांजरे निरोगी राहिली. शिजवलेले मांस खाणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या रोगट होत गेल्या. उष्णतेने नष्ट होणारे एखादे अज्ञात द्रव्य कच्च्या मांसात असावे, असा निष्कर्ष त्याने काढला. आजही कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते त्याचे नाव घेतात. पण शिजवलेल्या मांसात नेमके काय कमी पडले, हे ओळखण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती, आणि आज त्या प्रयोगांवरून ‘शिजवणे वाईट’ असे म्हणणे धारिष्ट्याचे आहे.

येथे एक वाट थोडी वाकडी करून जपानला जाणे भाग आहे. मिनामाटा हे समुद्रकाठचे गाव. तेथील कोळ्यांची मांजरे घरातल्या माणसांसारखेच खात, म्हणजे त्याच खाडीतले मासे. अन्न ताजे, घरचे, आणि मांजराच्या प्रकृतीला मानवणारे. १९५४ च्या ऑगस्टमध्ये एका स्थानिक दैनिकात बातमी आली, की मोदो या वस्तीतली मांजरे झटके येऊन, गरगर फिरून मेली आणि उंदीर माजले. लोक त्याला मांजरांचे नाचणे म्हणत. १९५६ च्या १ मे रोजी चिस्सो या रासायनिक कारखान्याच्या इस्पितळाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी माणसांतल्या अज्ञात मेंदूविकाराची नोंद आरोग्य कचेरीत केली. त्यात लहान मुले होती. संशय कारखान्याच्या सांडपाण्यावर होता. होसोकावांनी मग स्वतःच मांजरांना खायला घालण्याचा प्रयोग आरंभला. १९५९ च्या जुलैपासून चारशे क्रमांकाच्या मांजराच्या अन्नात रोज कारखान्यातील अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी कालवले जाऊ लागले. ऑक्टोबरात त्या मांजराला झटके येऊ लागले. कारण सापडले होते. कंपनीने निष्कर्ष दडपला आणि तसले प्रयोग थांबवायला लावले. पाऱ्याचे ते सांडपाणी निर्माण करणारी प्रक्रिया १९६८ मध्ये बंद झाली. १९७० मध्ये कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी इस्पितळातूनच चारशे क्रमांकाच्या मांजराविषयी साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले. १९७३ च्या निकालात न्यायालयाने कंपनीला दोषी धरले.

घरचे अन्न खाणारे मांजर घरावरच्या संकटात माणसाच्या पुढे असते. ते लहान असते, एकाच प्रकारचे अन्न दिवसेंदिवस खाते, आणि तक्रार करीत नाही. मोदोच्या कोळ्यांनी मांजरे मरताना पाहिली होती. मुले आजारी पडली ती त्यानंतर.

आता टॉरिनकडे वळतो. हे द्रव्य १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून वेगळे केले. नावही बैलाच्या लॅटिन शब्दावरून आले. जवळजवळ दीड शतक त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. बहुतेक प्राणी ते शरीरातच तयार करतात. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही, आणि वर त्याचे पित्त टॉरिनशिवाय चालत नाही, म्हणजे ते रोज खर्च होत राहते. उंदराच्या शरीरात ते भरपूर असते. कालवांत आणि इतर शिंपल्यांत तर फारच. वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच, गाईच्या दुधात अगदी थोडे. १९७५ मध्ये हेज, कॅरी आणि श्मिट या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की ज्या मांजरांना प्रथिन म्हणून केवळ केसीन दिले होते त्यांच्या दृष्टिपटलाचा टॉरिनअभावी नाश झाला. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा त्या एका शब्दापाशी बराच वेळ थांबलो होतो. प्रयोगशाळेत जे मुद्दाम केले गेले, तेच आमच्या स्वयंपाकघरात मायेने चालले होते.

त्याच दशकात मांजराच्या शरीराचे इतर हट्टही एकेक करून उघड झाले. गाजरातल्या कॅरोटीनपासून त्याला अ जीवनसत्त्व करता येत नाही. ते यकृतातून आयतेच मिळावे लागते. अ‍ॅराकिडोनिक आम्ल त्याला प्राणिज चरबीतूनच घ्यावे लागते. आर्जिनिन नसलेले एकच जेवण दिले तरी काही तासांत रक्तातला अमोनिया वाढून ते गंभीर आजारी पडते, हे मॉरिस आणि रॉजर्स यांनी १९७८ मध्ये दाखवले. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखरही नीट पचत नाही. कोट्यवधी वर्षे दुसऱ्या प्राण्यांच्या शरीरात ही द्रव्ये तयार मिळत गेली. मग ती स्वतः बनवण्याची यंत्रणा बाळगायची कशाला? मांजराचे शरीर हे एका अर्थी उंदराच्या भरवशावर बांधलेले आहे.

खाऊबद्दलही असेच. २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी दाखवले, की गोड चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे. वाघ आणि चित्ता यांच्यातही. म्हणजे श्रीखंडाचे बोट चाटताना मनीला गोड मुळीच लागत नव्हते. तिला त्यातला स्निग्धांश हवा असणार. सणाचा गोडवा आमच्याच तोंडातला. पुढे २०२३ मध्ये असेही दिसले, की मांजराच्या जिभेवरची मांसरसाची चव ओळखणारी यंत्रणा ज्या द्रव्यांच्या मिश्रणाला सर्वांत जोमाने दाद देते, ती ट्यूना माशात विपुल असतात. गंमत अशी, की नुसत्या ट्यूनावर ठेवलेल्या मांजरांना चरबीच्या दाहाचा विकार होतो, हे अनेक दशकांपासून ठाऊक आहे. कच्च्या माशांच्या काही जातींत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते. आवडते तेच पथ्याचे, हा नियम मांजरालाही लागू नाही.

मग पुड्यातले, डब्यातले अन्न निर्दोष का? १९७५ चा शोध लागूनही बारा वर्षे काय चालले होते पाहा. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पियोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हृदय ताणून निकामी होण्याच्या विकाराने मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी होते, आणि ते दिल्यावर हृदय सुधारले. ही मांजरे नामांकित कंपन्यांचे, ‘संपूर्ण आहार’ असे छापलेले अन्न खात होती. पुड्यावरच्या हिशेबात टॉरिन पुरेसे होते. मांजराच्या आतड्यापर्यंत पुरेसे पोहोचत नव्हते. कंपन्यांनी प्रमाण वाढवले आणि तो विकार दुर्मिळ झाला. पुढचा धक्का २००७ चा. मार्च महिन्यात कॅनडातील मेन्यू फूड्स या कंपनीने सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी, मेलामाइन मिसळलेले होते आणि त्याचे खडे मांजरांच्या व कुत्र्यांच्या मूत्रपिंडांत अडकले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत तेच मेलामाइन सापडले. सुमारे तीन लाख बाळे बाधित झाली आणि सहा दगावली. मिनामाटाची आठवण मी मुद्दाम काढत नाही, ती येते.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत हजारो घरांतून मांजरांसाठी स्वयंपाक होऊ लागला आणि पाककृतींची पुस्तके खपली. हे समजण्यासारखे आहे. पण २०१९ मध्ये डेव्हिसच्याच संशोधकांनी पुस्तकांतून आणि संगणकाच्या जाळ्यावरून मांजराच्या घरगुती जेवणाच्या ११४ पाककृती गोळा करून तपासल्या. ज्यांचे विश्लेषण करता आले त्यांतली एकही सर्व आवश्यक द्रव्यांच्या शिफारशींना पुरी पडली नाही. पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतींत उणिवा तुलनेने कमी होत्या, पण त्यांतही होत्या. काहींत तर लसूण, कांद्याच्या जातीची पात असे मांजराला विषारी ठरणारे पदार्थ होते. घरी रांधलेले वाईट असे यातून निघत नाही; पशु-आहारतज्ज्ञाकडून वजनामापाने आखून घेतले तर ते उत्तम असू शकते. ‘थोडेसे’, ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’ ही आपल्या स्वयंपाकघराची भाषा मात्र तेथे चालत नाही. आजीचा अंदाज चुकत नसे, कारण तो चुकला तरी भरपाई करायला कणगीमागे उंदीर होते. तिसऱ्या मजल्यावर, जाळीच्या आत, भरपाई करणारे कोणी नव्हते. आजीची रीत आईने तंतोतंत पाळली; तिच्यातला न बोललेला अर्धा भाग मात्र आजोळीच राहिला.

मनीचे डोळे परत आले नाहीत. दृष्टिपटल एकदा गेले की येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. हृदय वाचवू, म्हणाले. जन्मात अंडेही न शिवलेल्या माझ्या आईने बाल्कनीत एक जुना स्टोव्ह, एक झाकणाचे पातेले आणि एक लहान तराजू मांडला. पदर नाकाला लावून ती कोंबडीचे मांस उकडी, त्यात मोजून काळजाचा तुकडा घाली, आणि टॉरिन पाण्यात उतरते हे कळल्यापासून ते पाणीही फेकून न देता त्यातच कालवी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पुड्या त्यात वरून पडत. आंघोळ करूनच ती पुन्हा स्वयंपाकघरात येई. तिच्या पाककृतींच्या वहीत फणसाच्या सांदणांनंतर एक पान आहे. त्यावर मथळा नाही, नुसते ग्रॅममधले आकडे आहेत.

मनी त्यानंतर सात वर्षे जगली. घराचे कोपरे तिने मिशांनी पाठ केले होते. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, की ती बाल्कनीच्या उंबऱ्याशी येऊन बसे. आई सवयीने एखाद्या दिवशी वाटीत चमचाभर दूधभातही ठेवी. मनी तो हुंगून पातेल्याच्या दिशेने तोंड वळवी.